शवागारातील हात



खर्डी हे वाटेवरचे गाव आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. मुंबई-नाशिक महामार्ग येथून जातो. मुंबईची तहान भागवणारा तानसाचा जलाशय येथून जवळ आहे, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही याच शहापूर तालुक्यातून जातो. ५ जून २०२५ रोजी तो वाहतुकीसाठी खुला झाला. जेथून इतके मार्ग जातात आणि जेथे इतके पाणी साठते, तेथे अपघात होतात, माणसे बुडतात. त्यातच हा डोंगरपट्टीचा, भातशेतीचा मुलूख. पावसाळा लागला की सर्पदंश आलेच. घरातून निघालेले प्रत्येक माणूस घरी पोहोचतेच असे नाही.

जे पोहोचत नाही, त्याचे पुढे काय होते? शोकसभेत याची चर्चा होत नाही. वर्तमानपत्रात एवढेच छापून येते की मृतदेह शवविच्छेदनासाठी रुग्णालयात पाठवण्यात आला. त्या एका वाक्याच्या आत एक माणूस उभा असतो. त्याचे नाव बातमीत येत नाही. सरकारी कागदावर तो बहुधा सफाईगार किंवा कक्षसेवक असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मृतदेह उचलणारा, धुणारा, उघडणारा आणि पुन्हा शिवणारा हा मदतनीस आजच्या चिंतनाचा विषय आहे. विषय ऐकताच कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. पण सेवेचा विचार करणाऱ्यांनी ती आठी थोडा वेळ बाजूला ठेवली पाहिजे.

दाराच्या आत काय घडते?

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात आणि मृतदेह शासकीय डॉक्टरांकडे पाठवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आले. मुंबई शहरात ब्रिटिश काळापासून कॉरोनर हा स्वतंत्र अधिकारी मृत्यूच्या कारणाची चौकशी करीत असे. १९९९ मध्ये ते पदही रद्द झाले. आता शहर असो वा खेडे, चौकशी पोलिसांची आणि तपासणी डॉक्टरांची, अशी एकच रीत आहे.

आणि श्रम कोणाचे? रुग्णवाहिकेतून देह उतरवण्यापासून मदतनीसाचे काम सुरू होते. अंगावरचे कपडे उतरवायचे, खिशातील वस्तू, गळ्यातील माळ, हातातील अंगठी यांची नोंद होईपर्यंत त्या जपायच्या. देहाची लांबी मोजायची, जुना व्रण, गोंदण, तुटलेला दात डॉक्टरांना दाखवायचा. मग छाती आणि उदर उघडायचे, कवटीचे हाड करवतीने कापायचे. अवयव काढून तपासणीसाठी ठेवायचे. विषप्रयोगाचा संशय असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरणीत घालून मिठाच्या संपृक्त द्रावणात राखायचे. त्यालाच बोलीत व्हिसेरा राखून ठेवणे म्हणतात. बरणीला मोहोर लागते, चिठ्ठी लागते, आणि ती पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होते. बरण्यांची अदलाबदल झाली, चिठ्ठी भिजून अक्षरे पुसली, तर एखादा खुनी सुटू शकतो किंवा एखाद्या निरपराधावर बालंट येऊ शकते. न्यायालयात वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्याचा पहिला धागा असा या माणसाच्या हातातून जातो.

सर्वांत शेवटी येते ते शिवण. मोठी सुई आणि जाड दोरा घेऊन तो देह पुन्हा जोडतो, धुतो, पुसतो आणि पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. आईने चेहरा पाहायला मागितला तर तो पाहण्याजोगा असावा, एवढी काळजी घेणारा मदतनीस मनाने मोठा असतो. त्याच्याकडून ही अपेक्षा कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही.

सरळांबे आणि मंगळवेढे

३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र या तालुक्यातील माणसे विसरलेली नाहीत. सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम रात्रपाळीत चालू होते. तुळया उचलून बसवणारे अजस्र यंत्र वरून कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. मरण पावलेल्यांपैकी बहुतेक जण दूरदूरच्या राज्यांतून पोट भरण्यासाठी आलेले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान ढिगारा उपसत होते आणि मृतदेह शहापूरच्या रुग्णालयात नेले जात होते. चिरडलेल्या देहांना नाव द्यायचे होते. कोण कोणत्या राज्याचा, कोणत्या गावाचा, कोणाचा मुलगा, हे ठरल्याखेरीज कोणालाही त्याच्या मातीत पोहोचवता येणार नव्हते.

हा प्रसंग ऐकताना महाराष्ट्राच्या मनात एक जुनी कथा जागी झाली पाहिजे. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू होते. वेठीला धरलेले मजूर त्यावर राबत होते. भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. ही घटना १३३८ मधील मानली जाते. परंपरा सांगते की नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्याखाली सगळ्यांची हाडे एकमेकांत मिसळली होती. नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी लावले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरीला आणून महाद्वारापाशी त्यांना समाधी दिली. ज्यांना जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या समाधीसमोर आज प्रत्येक वारकरी नतमस्तक होतो.

ही कथा आपण भक्तीची कथा म्हणून ऐकतो. त्यातले कष्ट मात्र नजरेआड होतात. नामदेवांनी दगड-मातीत हात घातले. अनेक दिवसांची प्रेतास्थी उचलली. ज्याची सावलीही त्या काळात टाळली जात होती, त्याचे हाड कानाशी धरले. मृताची ओळख पटवणे आणि त्याला त्याच्या माणसांत सन्मानाने पोहोचवणे हे किळसवाणे काम आहे की पूजा आहे, याचे उत्तर नामदेवांनी जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी आपल्या हातांनी देऊन ठेवले आहे. शहापूरच्या त्या दिवसांत हेच काम ज्यांनी केले, त्यांच्या हातांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहिले?

कागदाचे मोल

एखाद्या पाड्यावर भातलावणी करताना घरातील कर्ता पुरुष सर्पदंशाने जातो. रडारड होते, आणि जाणती माणसे म्हणतात, चिरफाड नको, लवकर मार्गाला लावू. भावना समजण्याजोगी आहे. पण शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात आणि सर्पदंश त्यात धरला जातो. त्यासाठी मृत्यूचे कारण सिद्ध व्हावे लागते. शवविच्छेदन झाले नाही तर कारण कागदावर येत नाही. कागद नसेल तर त्या विधवेला तालुक्याच्या खेपा घालून रिकाम्या हाताने परतावे लागते. दंशाची बारीक खूण केसांत, बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगेत दडलेली असते. ती दिवा धरून शोधणारा मदतनीस त्या घराच्या पुढच्या दोन वर्षांच्या धान्याची सोय करीत असतो.

सासरी जळालेल्या लेकीचे, विहिरीत सापडलेल्या सुनेचेही तसेच आहे. ती बुडून मेली की मारून टाकली गेली, हे सांगायला ती येऊ शकत नाही. तिचा देह सांगतो. तो ऐकण्यासाठी डॉक्टरांचे ज्ञान हवे, आणि देह नीट, न घाईने, न विटाळ मानता उघडणारे हात हवेत.

वाट पाहणाऱ्यांचाही विचार हवा. पूर्वी सूर्यास्तानंतर विच्छेदन होत नसे. संध्याकाळी आलेला देह सकाळपर्यंत पडून राही आणि नातेवाईक आवारातील झाडाखाली रात्र काढीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुरेशा सोयी असलेल्या रुग्णालयांत रात्रीही विच्छेदनास मुभा दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय ही प्रकरणे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिल्याखेरीज त्यातून वगळली आहेत. निर्णय योग्यच आहे. मात्र त्यासाठी प्रखर प्रकाश हवा, शीतपेटी हवी आणि रात्रपाळीला दुसरा माणूस हवा. दिवसभर राबलेल्या एकाच मदतनीसाला रात्री पुन्हा उठवून ही सुधारणा टिकणार नाही.

सुश्रुतांची शिकवण

मृतदेहाला शिवणे हीन, ही कल्पना आपली मूळची म्हणून सांगितली जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा पाचवा अध्याय पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. तेथे वैद्याने मृतदेह कसा निवडावा, मुंज, वल्कल, कुश यांनी गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात कसा ठेवावा, सात रात्रींनंतर बाहेर काढून कुंचल्याने त्वचेपासून एकेक थर हळूहळू कसा उलगडावा, हे सविस्तर सांगितले आहे. शास्त्र वाचून कळते आणि डोळ्यांनी पाहूनही कळते, दोन्ही मिळून ज्ञान वाढते, हा त्यामागचा विचार. हे काम सुश्रुतांनी नोकरावर सोपवले नाही. ज्याला वैद्य व्हायचे आहे, त्यानेच ते करायचे होते.

मधल्या काळात हा धागा तुटला. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी मृतदेहावर शस्त्र चालवले, तेव्हा ती मोठी खळबळजनक घटना ठरली. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखे आपले तरुण तेथे शिकले. विद्या परत आली. विटाळ मात्र गेला नाही. तो खाली ढकलला गेला. डॉक्टर प्रतिष्ठित झाले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस अस्पृश्यच राहिला. अनेक ठिकाणी डॉक्टर दोन पावले दूर उभे राहून सांगतात आणि सुरी मदतनीसाच्या हातात असते, अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. अहवालावर सही डॉक्टरांची असते आणि उत्तरदायित्वही त्यांचेच असते. तेव्हा सुरीपासून दूर राहणे शास्त्राला आणि कायद्यालाही धरून नाही.

ब्रिटनमध्ये या मदतनीसाला रीतसर प्रशिक्षण, परीक्षा आणि पदविका आहे. अमेरिकेत त्याला डीनर म्हणतात. मूळ जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ सेवक असाच आहे. आपल्याकडे सेवक हा शब्द तर आदराचा. तरीही त्या सेवकाला शिकवण्याची सोय तोकडी आहे. बहुतेक जण आधीच्या माणसाच्या हाताकडे बघत शिकतात. क्षय, कावीळ यांचे जंतू मृतदेहासोबत मरत नाहीत. सुईचा एक टोचा, तुटक्या बरगडीचा एक ओरखडा पुरेसा असतो. मे २०२० मध्ये करोनाच्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बाधित देहांचे विच्छेदन शक्यतो टाळण्याची सूचना केली. विच्छेदन टाळता आले. देह उचलणे, गुंडाळणे आणि स्मशानाच्या गाडीत ठेवणे कोणाला टाळता आले नाही. घरचे लोक दूर उभे होते, तेव्हा तो माणूस जवळ उभा होता.

नरहरपूरची लेक

शवागार म्हटले की दुसरा शब्द येतो तो दारू. थोडी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकवत नाही, असे हे कर्मचारी सांगतात आणि लोकही मान डोलावतात. कुजलेल्या देहाचा दर्प, लहान लेकराचे शव, रोजचा आक्रोश, यांना सामोरे जाण्यासाठी समाजाने त्याला दिलेले एकमेव साधन म्हणजे बाटली. कित्येकदा ती नातेवाईकच आणून देतात. मग तोच समाज त्याला दारुडा म्हणतो. त्याच्या संसाराची धूळधाण होते, मुलांची शाळा सुटते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीची हमी मिळाली, हे न्याय्यच झाले. पण वारसात नोकरीबरोबर व्यसन आणि अपमानही उतरत असेल, तर तो वारसा अपुरा आहे.

छत्तीसगडमधील कांकेर जिल्ह्यातल्या नरहरपूरच्या संतोषी दुर्गा यांची हकीकत वृत्तपत्रांनी देशासमोर आणली. त्यांचे वडील हेच काम करीत आणि त्यासाठी दारू पीत. दारू न पिताही हे काम होऊ शकते, हे वडिलांना दाखवून देण्यासाठी मुलगी स्वतः शवविच्छेदनगृहात उभी राहिली. पुढे तेच तिचे जीवनकार्य झाले. ७०० हून अधिक विच्छेदनांत तिने हात दिला. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामजन्मभूमी मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा निमंत्रितांच्या यादीत संतोषी दुर्गा यांचे नाव होते. शवागारातून थेट गर्भगृहाच्या अंगणापर्यंतचे हे निमंत्रण पाहून त्यांना आणि सर्वांनाच आश्चर्य वाटले. ते आश्चर्य वाटावे, यातच आपल्या समाजाची खरी स्थिती दिसते. अयोध्येने जे केले, ते गावोगावच्या देवळांना, मंडळांना आणि घरांना जमेल का, हा खरा प्रश्न आहे.

हरिश्चंद्राची कसोटी

एक गोष्ट कडू आहे, तरी बोलली पाहिजे. देह ताब्यात देताना पैसे मागितले जातात, ही तक्रार अनेक ठिकाणांहून येते. दुःखाने खचलेल्या माणसाकडून चिरीमिरी घेणे हे पाप आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. सत्यनिष्ठ राजा हरिश्चंद्र काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर होता. सर्पदंशाने गेलेल्या रोहिदासाला घेऊन तारामती आली, तेव्हाही त्याने मालकाचे शुल्क सोडले नाही. ते शुल्क ठरलेले होते आणि मालकाच्या पदरी पडणारे होते. स्वतःसाठी त्याने कवडी घेतली नाही. शवागारातील प्रत्येक सेवकापुढे हा आदर्श असायला हवा.

पण कथेची दुसरी बाजूही आहे. राजाला स्मशानात उभे करणारी परिस्थिती कोणी निर्माण केली, हेही पुराण विचारते. कंत्राटी पगार महिनोन्महिने अडला, हातमोजे स्वतःच्या खिशातून आणावे लागले, तर आदर्शाची अपेक्षा कोणाकडून करायची? पैसे देणाऱ्यांपैकी कितीजण ते लाच म्हणून देतात, आणि कितीजण त्या माणसाला हात न लावता, त्याच्याशी न बोलता सुटका करून घेण्यासाठी देतात? अंतरावरून फेकलेली नोट हाही अस्पृश्यतेचाच एक प्रकार आहे.

देहदानाचा संकल्प करणारी कुटुंबे आज वाढत आहेत. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी दधीचींचे स्मरण करून देहदानाचा संकल्प केला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला. अशा दान केलेल्या देहाला नाव असते, फुले असतात. रुळाकाठी सापडलेल्या बेवारस देहाला नाव नसते आणि फुलेही नसतात. दोन्ही देह उचलणारे हात मात्र अशाच एखाद्या सेवकाचे असतात. त्याच्या लेखी दोघांचे वजन सारखेच असते.

करण्याजोगे

आपल्या तालुक्यात खर्डी, शहापूर आणि शेजारी मुरबाड येथे शासकीय रुग्णालये आहेत. कार्यकर्त्यांनी वर्षातून एकदा तेथे जाऊन काही साध्या गोष्टी पाहाव्यात. शवागारात पाणी आणि दिवा आहे का? शीतपेटी चालू आहे का? मदतनीसाला जाड हातमोजे, गमबूट आणि कावीळ-ब ची लस मिळाली आहे का? नसेल तर रुग्ण कल्याण समितीकडे आणि लोकप्रतिनिधीकडे मागणी करावी. नातेवाईकांना बसायला छप्पर आणि प्यायला पाणी हे तर गावही देऊ शकते. पाड्यांवर बैठक घेताना अपघाती मृत्यूनंतर पंचनामा व शवविच्छेदन का आवश्यक आहे, ते समजावून सांगावे.

याहून अवघड काम घरचे आहे. त्या सेवकाच्या मुलांना आपल्या मुलांच्या अभ्यासिकेत जागा हवी. हळदीकुंकवाला त्याच्या पत्नीला बोलावणे जायला हवे. संक्रांतीचा तिळगूळ त्याच्या हातावर ठेवताना आणि त्याच्या हातून घेताना आपला हात आखडता कामा नये. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ झाली. तिची परीक्षा या एका हाताच्या अंतरावर होणार आहे.

चोखोबांची हाडे कानाशी धरताना नामदेवांच्या मनात विटाळाचा विचार आला असता, तर पंढरपुरात आज ती समाधी दिसली नसती. मृतांना नाव देऊन घरी पाठवणारे हात आजही आपल्यात आहेत. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, गंजलेल्या दाराच्या आत ते काम करीत आहेत. काम संपवून, साबणाने दोनदा हात धुऊन तो बाहेर येईल, तेव्हा त्याला बसायला सांगून चहाचा कप पुढे करणारे कोणीतरी तेथे असावे, एवढीच अपेक्षा.